फाटकावरचे लाल फडके

सौ. शकुंतलाताई लांजेवार यांची आणि माझी ओळख ज्या संध्याकाळी झाली, ती संध्याकाळ मला पहाट वाटली होती.

मी तेव्हा भंडाऱ्याकडून भिलाईला नवाच आलो होतो. पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचो. रात्रपाळी, म्हणजे आमच्या भाषेत सी शिफ्ट, आटोपून सकाळी क्वार्टरवर येऊन पडलो. जाग आली तेव्हा खिडकीत तांबूस उजेड होता. पहाट झाली, ड्यूटी चुकली या धास्तीने शर्ट अंगात अडकवला, रिकामाच डबा सायकलला लावला आणि निघालो. समोरच्या क्वार्टरच्या अंगणात एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या.

"भाऊजी, कुठं चाल्ले?"

"ड्यूटीले."

"कोन्ती ड्यूटी जी? दिवस बुडून राहिला, उगवून नाही राहिला."

मी रस्त्यातच थांबून आकाशाकडे पाहिले. माझा चेहरा पाहून त्यांना हसू आले, पण त्यांनी ते आवरले. रात्रपाळीच्या माणसाची ही गफलत त्यांना ठाऊक होती, कारण त्यांचे यजमान भाऊरावजी रोलिंग मिलमध्ये होते आणि तेही एकदा असेच अवेळी गेटपर्यंत जाऊन आले होते.

"झोप होत नाही का तुमची?" त्यांनी विचारले.

"कशी होईल वहिनी? भाजीवाली, रद्दीवाला, पोट्ट्यायचा चेंडू. घडी घडी उठून राहिलो."

"अन् क्रेननं काय उचलता?"

"वितळलेलं लोखंड."

"खाली माणसं राहतात?"

"राहतात."

त्या कपडे घेऊन आत गेल्या. त्या घरी शिवणकाम करीत. दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवरून परतलो, तर ब्लाउजच्या कापडातून उरलेले लाल फडके घेऊन त्या फाटकाशी उभ्या. "हे बांधा अन् झोपा. बाकीचं मी पाहते," एवढेच म्हणाल्या.

वहिनींनी खरोखरच पाहिले. ज्या फाटकावर लाल फडके दिसेल त्या घरात सी शिफ्टचा माणूस झोपलेला आहे, तिथे घंटी वाजवायची नाही, हाक मारायची नाही, चेंडू गेला तर तो संध्याकाळी मागायचा, हा नियम त्यांनी घरोघरी जाऊन सांगितला. सांगून न ऐकणाऱ्यांना चहा पाजून सांगितला. जवळच्या अहिवारा गावाकडून भाजी घेऊन येणारी बाई आमच्या रस्त्याला वळली की टोपली सावरत कुजबुजत तिच्या छत्तीसगढीत विचारायची, "कोन सुते हे, दीदी?" म्हणजे कोण झोपलंय. वहिनी आमच्या घराकडे बोट दाखवायच्या आणि मग दोघींचा भाजीचा भाव इशाऱ्यांनीच ठरायचा. वहिनींचे स्वतःचे शिलाई मशीनही तेवढा वेळ बंद असे. हळूहळू आमच्या रस्त्यावर बऱ्याच फाटकांवर लाल फडकी दिसू लागली. नवीन पाहुण्याला वाटे, इथे कसला तरी सण आहे.

मी स्वभावाने भित्रा माणूस. माझी बायको मंदा म्हणते, यांना काळजी करायला काही मिळाले नाही तर त्याचीही काळजी लागते. त्यामुळे पुढचा प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. एका दुपारी कुणीतरी ड्यूटीवर आले नाही, म्हणून मला 'डबल'साठी, म्हणजे लागोपाठ दुसऱ्या शिफ्टला, बोलवायला कारखान्यातून माणूस आला. फाटकावर फडके होते. वहिनींनी त्याला तिथेच अडवले.

"साहेबाले सांगा, माणूस झोपून हाय. झोपेतल्या माणसाले नेऊन क्रेनवर बसवाल, तं खालच्या माणसायची जिम्मेदारी कोन घेईन?"

माणूस परत गेला. उठल्यावर मला हे कळले. आता मेमो मिळणार, बदली होणार. मी तडक त्यांच्याकडे गेलो. त्या एक ब्लाउज उसवत बसल्या होत्या.

"वहिनी, साहेब नाराज झाले तर?"

"हे पाहा," त्यांनी ब्लाउज पुढे केला. "डोळे मिटत होते तरी शिवत बसली. बाही उलटी लागली. माझ्या कामात उसवता येते भाऊजी. तुमच्या कामात येते का?"

मी ती उलटी बाही हातात घेऊन पाहिली. साहेबांनी पुढे तो विषय काढलाच नाही, म्हणजे माझी ती सगळी काळजी नेहमीप्रमाणे फुकट गेली.

झोप पुरी होऊ लागली तसा माझ्या कामात फरक पडला, हे या गौरवग्रंथात नोंदवणे माझे कर्तव्य आहे. पूर्वी लिव्हरवर हात ठेवला की मन घरी असायचे, आणि घरी आलो की कारखान्यात. आता खालच्या माणसाचा इशारा एकदाच बघून उमगायचा. वहिनींनी मला आणखी एक सवय लावली. उठल्याबरोबर धावायचे नाही. पायरीवर बसून चहा प्यायचा, त्या वेळात ड्यूटीचे बोलणे नाही, रेडिओ नाही. मग आज कोणते एक काम नीट करायचे ते ठरवायचे आणि उठायचे. त्या स्वतःही तसेच वागत. दिवाळीच्या तोंडावर बायका कापडांचे गठ्ठे घेऊन येत, तेव्हा जेवढे उघड्या डोळ्यांनी शिवून होईल तेवढेच त्या घेत आणि बाकीच्यांना हात जोडून परत पाठवत. बायका रागावून जात, पण दिवाळीनंतर त्यांच्याकडेच येत. आज माझी सून घरी बसून लॅपटॉपवर काम करते. तिच्या कामाला ना सकाळ ना रात्र, पण दुपारी थोडा वेळ खोलीच्या दारावर लाल ओढणी अडकवून ती झोपते, आणि नंतरचे काम झरझर होते असे सांगते.

येथपर्यंत मी आनंदाने लिहिले. आता जे लिहायचे आहे त्यासाठी पेन उचलवत नाही.

निवृत्तीनंतर आमची दोन्ही कुटुंबे क्वार्टर सोडून जवळच्याच बोरसीला आली आणि शेजारी शेजारी राहू लागली. गेल्या वर्षी भाऊरावजींना लकवा झाला. तेव्हापासून वहिनी त्यांच्या उशाशी आहेत. कूस बदलणे, भरवणे, औषध, सगळे त्याच करतात, दिवसा आणि रात्रीही. आम्ही मदतीचे विचारले की म्हणतात, "माझं माणूस हाय. दुसऱ्याले कावून तकलीफ?" पूर्वी ज्या बाईंनी रस्ताभर लोकांना झोपवले, त्यांचेच डोळे आता खोल गेले आहेत. मी रोज पाहतो आणि रोज घाबरतो.

गेल्या महिन्यात दुपारी त्यांच्या घरातून जळका वास आला. मी धावत गेलो. गॅसवर दुधाचे पातेले काळे पडले होते, खोलीत धूर होता, आतल्या पलंगावर भाऊरावजी डोळे उघडे ठेवून दाराकडे पाहत होते, आणि वहिनी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्या झोपल्या होत्या. मी गॅस बंद केला. त्या दचकून उठल्या.

"डोळा लागला जी," म्हणाल्या, आणि पदराने पातेले उचलू लागल्या.

आमच्या कामात एक रीत होती, रिलीव्हर येईपर्यंत क्रेनची केबिन सोडायची नाही. कितीही थकवा असो, बदली माणूस शिडी चढून वर आला की मगच उतरायचे. वहिनी ती रीत अजून पाळत आहेत, आणि त्यांचा रिलीव्हर कुणी पाठवलेलाच नाही, हे मला त्या धुरात उभे असताना कळले.

मी मंदाशी बोललो. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघे न विचारता त्यांच्या घरी गेलो. मी भाऊरावजींच्या उशाशी बसलो, मंदा स्वयंपाकघरात गेली. वहिनी तेवढ्यात औषध आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या होत्या. आत जाण्याआधी मी त्यांच्या फाटकाला लाल फडके बांधून ठेवले होते. खिडकीतून मला दिसले, वहिनी फाटकाशी आल्या, फडके पाहिले, आणि जुन्या सवयीने त्यांनी कडी अलगद उघडली, चपला हातात घेतल्या, पावलांचा आवाज न करता आत आल्या आणि अगदी हळू आवाजात मला विचारले,

"आमच्या घरी कोन झोपलं जी?"

"तुम्ही, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. मग भाऊरावजींनी चांगला असलेला हात थोडा उचलून बाजूच्या खोलीकडे दाखवला. वहिनी गेल्या. दिवस बुडेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या गल्लीने दुपारच्या पाळ्या लावल्या आहेत. वहिनी कधी ऐकतात, कधी आम्हाला परत पाठवतात. म्हणून माझी धाकधूक संपलेली नाही, आणि म्हणूनच या गौरवग्रंथाच्या निमित्ताने आपणा सर्व स्नेहीजनांना माझी हात जोडून विनंती आहे. वहिनींच्या पंचाहत्तरीला शाल द्या, श्रीफळ द्या, पण एक दुपारही द्या. वहिनी आणि भाऊरावजी यांना उदंड आणि निरामय आयुष्य लाभो, वहिनींना रोज गाढ झोप लागो, एवढेच मागणे आहे. सत्काराच्या दिवशी त्यांना न्यायला आपण हारतुरे घेऊन बोरसीला याल. तेव्हा फाटकावर लाल फडके दिसले, तर घंटी वाजवू नका. सत्कार थोडा उशिरा सुरू करू.