आधी घर सारवू

आमच्या शेजारच्या नर्सबाई दार न वाजवता सरळ आत येत आणि आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघत. मग माझ्याकडे. "काऊन वो, या महिन्यात बी कोरंच?"

पाळी आली की तारखेभोवती लाल गोल करायचा, हा त्यांचाच नियम. माझं कॅलेंडर तीन-तीन महिने कोरं राही. लग्नाला सहा वर्षं झालेली. सासूबाईंना कोरा महिना दिसला की डोहाळेच आठवत! एकदा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. आठवड्यात मला पाळी आली, तीही थांबता थांबेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

नर्सबाईंनी आम्हा दोघींना आपल्या अंगणात नेलं. तुळशीच्या ओट्याचा जुना पोपडा खुरप्यानं काढून सासूबाईंच्या हातावर ठेवला.

"वैनी, थर मोजा. खरवडल्याबिगर सारवत गेलं तं असं जाड होते, मंग कवाबी सुटते. हिचं बीज दर महिन्याले सुटत नाई, म्हून आतलं अस्तर वाढतच राह्यते. आन बीजच नाई सुटलं तं लेकरू कसं राहीन? याले पीसीओएस म्हंतात. वांझ नाई म्हनत."

शेवटचं वाक्य त्यांनी जरा मोठ्यानंच म्हटलं. सासूबाईंनी बोटानं पोपड्याचे थर मोजले.

"मंग आता?"

"आधी घर सारवू, मंग पाहुना बलावू. आन लेकराचे ठोके ऐकल्याबिगर पेढा आनाचा नाई!"

नर्सबाईंच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी पाळी येण्याच्या गोळ्या दिल्या, पुढं बीज सुटण्याच्या. नर्सबाई रोज सकाळी मला कापसाच्या मार्केटपर्यंत चालवत. मी कुरकुरले की म्हणत, "गोड कमी, पाय जास्त!" अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील, त्यांच्यावर चिडताही येत नाही. हळूहळू कॅलेंडरवर लाल गोल वेळेवर उमटू लागले. काही महिने आशा लावून हुकलेही. तेवढ्यात बाई रिटायर झाल्या आणि तेलंगणात मंचेरियलला मुलाकडे गेल्या. जाताना आमच्या भिंतीवर नवं कॅलेंडर टांगून गेल्या.

त्याचा चौथा महिना कोरा राहिला. या वेळी सासूबाईंनी पेढ्यांचं नावही काढलं नाही. सोनोग्राफीच्या खोलीत ठोके ऐकले मात्र, आणि माझा हात घट्ट धरून त्या ढसाढसा रडल्या.

परतताना पेढे घेतले. सवयीनं त्या आधी नर्सबाईंच्याच दाराशी गेल्या. दाराला कुलूप. मी तिथूनच फोन लावला.

"बाई, ठोके ऐकले."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. मग, "वैनीले म्हना, आता वाटा!"

सासूबाईंनी पहिला पेढा त्या बंद दाराच्या उंबऱ्यावर ठेवला, आणि मग गल्लीत निघाल्या.