ग्रुपवर सगळे हसले

मार्चचा पहिला सोमवार होता. पोलीस ठाण्याच्या मालखान्यात मी जप्त मालाची सीलं तपासत होते. तेव्हा आलेला फोन निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेला नाही. फोन लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या शेजाऱ्यांच्या, अकरावीतल्या मुलीचा होता.

"मावशी, माझं नाव सांगणार नाही ना? सगळे चुगलखोर म्हणतील."

"आधी बोल."

तिच्या वर्गातला एक मुलगा फुटबॉल संघातून वगळल्यावर रडला होता. कॅप्टनने त्याचा व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकला. उद्या पेपर सुटल्यावर कॅप्टनला भोसकणार, असं तो मुलगा तिच्याजवळ बोलला होता.

अल्पवयीन मुलाला आम्ही ठाण्यात बोलवत नाही, त्याच्यासमोर वर्दीतही जात नाही. संध्याकाळी सलवार-कमीज घालून त्याच्या घरी गेले. आईसमोरच दप्तर उघडायला लावलं. टॉवेलमध्ये गुंडाळलेली सुरी निघाली.

"हाय राम, ये तो मैं सुबह से ढूँढ रही हूँ!" आई म्हणाली.

मी घाई केली नाही. चौकशीत घाई करणाऱ्याला फक्त 'हो' आणि 'नाही' मिळतं.

"कॅप्टनवर एवढा राग?" मी हिंदीत विचारलं.

"सिर्फ उस पर नहीं, आंटी. पूरी क्लास हँसी. एक ने भी नहीं बोला, डिलीट कर."

सुरी ताब्यात घेतली, मुख्याध्यापिकांना कळवलं आणि थेट शेजाऱ्यांच्या मुलीकडे गेले.

"व्हिडिओखाली तू काय टाकलंस?"

"हसण्याचा इमोजी." तिची मान खाली. "यार मावशी, सगळ्यांनीच टाकला होता."

"मग आता 'डिलीट कर' म्हणणारी पहिली तू हो."

तिने ग्रुपवर लिहिलं, 'बस करो. डिलीट करो.' लगेच टोमणा आला, 'आ गई प्रिन्सिपल मॅडम!' ती रडवेली झाली. तेवढ्यात संघाच्या गोलकीपरने लिहिलं, 'सही बोल रही है.' मग आणखी दोघांनी. रात्रीच्या जेवणाआधी कॅप्टनने व्हिडिओ काढला.

हत्यार हाती लागलं की काम झालं, असं मी बरीच वर्षं मानत होते. पण सुरी प्रत्येक स्वयंपाकघरात असते. त्या मुलाला वर्गातलं कोणीतरी आपल्या बाजूने हवं होतं, आणि ते काम पोलिसांना जमणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिले. शेजाऱ्यांची मुलगी आणि गोलकीपर त्या मुलाला घरून घेऊन आले. कॅप्टन पुढे झाला. "सॉरी, भाई." मुलगा त्याला ओलांडून त्या दोघांबरोबर आत गेला. खबरदारी म्हणून सोबत आणलेले साध्या वेशातले दोन शिपाई मी माघारी पाठवले आणि स्वतः पेपर सुटेपर्यंत तिथेच थांबले.