मुक्या शुक्रवारची घंटा

त्या एप्रिलात ऊन इतकं होतं की आमच्या गावचे कावळे उडायचं सोडून पायी चालत. तुम्हाला खोटं वाटत असेल तर हे वाक्य सोडून द्या. पुढचं मात्र सोडू नका. पुढचं खरं आहे, आणि खरं सांगताना माझी जरा तारांबळ उडते, सवय नसल्यामुळे.

पुलगावच्या रस्त्याला, गाव संपल्यावर, आमची कॉन्व्हेंट शाळा होती. एका अंगाला वर्ग, दुसऱ्या अंगाला सिस्टरांचं घर, मध्ये चर्च, आणि चर्चला चिकटून घंटेची खोली. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी सातवीत होते. वर्गात बहुतेक आम्ही शेतकऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या पोरी. कॅथलिक मोजक्याच, आणि त्यातली एक माझ्या बाकावर. तिचे वडील डेपोत, म्हणजे फौजेचा दारूगोळा ठेवतात तिथे, नोकरीला होते. माणसं मूळची पार दक्षिणेकडची. पण पोरगी वऱ्हाडी अशी बोलायची की माझी माय मला म्हणे, "तुह्यापेक्षा हेच आपल्यातली वाटते."

मी तिला सांगायचे की केळझरच्या आमच्या गणपतीची घंटा वाजली की चांद्याच्या जंगलातले वाघ दचकून उठतात. ती सांगायची, आमची वाजली की सैतान दचकतो. वाघ मोठा की सैतान, या वादात आमची अर्धी सहावी गेली.

पण घंटेच्या बाबतीत एक गोष्ट मला खरोखरच कळत नसे. केळझरला देवळात शिरताना जो येईल तो घंटा वाजवतो. लेकराचा हात पोचला नाही तर बाप उचलून धरतो. आपण आल्याचं देवाला कळवायचं, एवढंच. कॉन्व्हेंटची घंटा मात्र एकटा म्हातारा वाजवायचा, दुसऱ्या कोणाला दोराला हात लावू द्यायचा नाही. आणि ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी तर तो दोर गुंडाळून वर खुंटीला बांधूनच टाकायचा. देवाच्या मरणाचं दुःख म्हणून शनिवारी रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत घंटा मुकी. लागलंच तर लाकडाचा एक खटखट्या वाजवत.

गुड फ्रायडेला शाळेला सुट्टी, पण आसपासच्या खेड्यांतून ख्रिस्ती लोक बैलगाड्या जुंपून यायचे. त्यांना पाणी द्यायला मोठ्या सिस्टर, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस, कडुनिंबाखाली दोन रांजण भरून ठेवत आणि एखाद्या पोरीला तिथे बसवत. त्या वर्षी माझ्या मैत्रिणीला बसवलं होतं. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण गर्दी आहे आणि मी तिथे नाही, असं तोवर कधी झालं नव्हतं.

सकाळपासून आम्ही दोघी लोट्याने पाणी वाढत होतो. म्हातारे, बाया, लेकरं, सगळे प्यायचे आणि आशीर्वाद देऊन जायचे. मी तर प्रत्येक चार माणसांमागे एक लोटा स्वतःला वाढत होते. दहाच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की हिने घोटभरही घेतलेलं नाही.

"काऊन व, तू पेली नाई सकाळपासून?"

"कालपासून," ती म्हणाली.

"उपास हाय का?"

"घंटा वाजेपर्यंत पाणी नाई पेत मी."

मला वाटलं तीन वाजताच्या प्रार्थनेचं बोलते. मग आठवलं, आज घंटा वाजतच नाही. ती शनिवारच्या रात्रीचं बोलत होती.

मी हसले. मला वाटलं ही मला खिजवते आहे, कारण हरतालिकेला मी पाण्याशिवाय राहते ही बढाई मी तिला दर आठवड्याला ऐकवायचे. म्हटलं, "आमच्यात हे नेहमीचंच हाय. मी बी राहतो न हरतालिकेले."

"ते भादव्यात," ती म्हणाली. "भादव्यात तं बेंडकं बी उपास करते."

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मला रांजणामागे ओढलं. "कोनाले सांगशीन नाई तं सांगतो. मायची आन घे."

घेतली. मला गोष्ट ऐकायची असली की मी कशाचीही आन घ्यायचे. पण मायची आन मोडली तर माय मरते, एवढं आमच्या गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. ती आन मी माय जिवंत होती तोवर पाळली. माय परवाच्या पावसाळ्यात गेली, म्हणून आज लिहिते आहे.

तिच्या बाबांची बदली होणार होती. आसामात. ते एकटे जाणार आणि ही, तिची आई, धाकटा भाऊ, सगळे मामाकडे, दक्षिणेत. "तिकडची शाळा मले येत नाई," ती म्हणाली, जणू शाळा ही एखादी भाषा असावी. देवाला तिने सांगितलं होतं की घंटा मुकी आहे तोवर मी पाणी पिणार नाही, तू बदली थांबव.

नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा, हे माझ्यासारख्या दुकानदाराच्या पोरीला शिकवावं लागत नाही. पण आमच्यात काम झालं की मग नवस फेडतात. हिने आधीच फेडायला घेतला होता. मी तिला तसं समजावलं. ती म्हणाली, "आमचा देव उधार नाई ठेवत." तोंड एवढं सुकलेलं, तरी उत्तरं ताजी होती. म्हणून मी तेव्हा फारशी घाबरले नाही.

दुपारी मैदानात क्रुसाची वाट निघाली, येशू क्रूस घेऊन चालला त्याची आठवण म्हणून. एकेका ठिकाणी थांबायचं, गुडघे टेकायचे, प्रार्थना, मग पुढे. जमीन अशी तापली होती की गुडघे टेकणाऱ्याची भाकरी व्हावी. मैत्रीण त्यात गेली. मी रांजणापासून तिच्यावर नजर ठेवून होते. पहिल्या दोन-चार वेळा ती सगळ्यांबरोबर उठली. नंतर सगळे उठल्यावर उठायला लागली. शेवटी एका बाईने तिला काखेत धरून उठवलं आणि कडुनिंबाखाली आणून सोडलं.

मी फडकं भिजवून तिच्या डोक्यावर ठेवलं. ते चालतं, ती म्हणाली. मी फडक्याचं टोक हळूच ओठांकडे नेलं, तर तिने ओठ असे मिटले की त्यातून रक्त आलं. मी तिला सांगितलं की दुसऱ्याने पाजलेलं पाणी मोजत नाहीत, आमच्या पोथीत लिहिलं आहे. ती म्हणाली, "तुह्या पोथीत काईबी असते." माझ्या खोटेपणाचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. इतकी वर्षं थापा मारून मी माझं नाणंच खोटं करून ठेवलं होतं, आणि नेमकं आज ते चालवायचं होतं.

तीन वाजता सगळे चर्चमध्ये गेले. माणसं दारापर्यंत दाटली होती. आतून एकाच आवाजात काहीतरी वाचलं जात होतं. बाहेर आम्ही दोघी, दोन रांजण आणि गाड्यांचे सुटलेले बैल.

"मले थंडी वाजून राह्यली," ती म्हणाली.

मी तिच्या हाताला हात लावला. हात तव्यासारखा होता, आणि कोरडा. एवढ्या उन्हात तिला घामच नव्हता.

त्याच्या आदल्या वर्षी आमच्या वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायला आलेली एक बाई भर दुपारी असंच म्हणाली होती, थंडी वाजते. बाकीच्या बाया हसल्या होत्या. तिला बैलगाडीत घालून नेलं ते मी पाहिलं होतं. ती परत आली नाही. तिच्या वाटची भाकर माझ्या मायने बांधाशी कुत्र्याला घातली, तेही मी पाहिलं होतं.

आता सरळ चर्चमध्ये जाऊन मोठ्या सिस्टरांचा पदर ओढायचा, एवढंच काम होतं. पण तसं केलं की माझी माय मरणार. तुम्ही हसाल. मी तेव्हा हसत नव्हते. एका बाजूला माय, दुसऱ्या बाजूला ही, आणि मी मध्ये लोटा घेऊन उभी. मी आमच्या गणपतीला विचारलं, तिच्या देवालाही विचारलं. दोघेही आपापल्या कामात होते.

आणि मग मला वाटलं, हिची अट बदलीची नाही, शनिवारचीही नाही. हिची अट घंटेची आहे.

घंटेच्या खोलीला कुलूप नव्हतं. कुलपाची गरजच कोणाला वाटली नसणार. दोर वर खुंटीला बांधलेला. मी खिडकीच्या कट्ट्यावर चढले, तिथून कोनाड्यात पाय ठेवला आणि गाठ दातांनी सोडली. दोर सुटला तो माझ्या तोंडावरच आपटला. ओढला, काही झालं नाही. दोन्ही हातांनी लोंबकळले, तेव्हा वर काहीतरी करकरलं. मग दोराने मलाच उचललं. मी छतापर्यंत गेले, झरोक्यातून मला वर्ध्याचं स्टेशन दिसलं, असं मी नंतर पुष्कळांना सांगितलं आहे. खरं एवढंच की पाय जमिनीवरून सुटले, आणि पहिला ठोका पडला तेव्हा मला वाटलं माझंच डोकं फुटलं.

मी थांबले नाही. एखाद्या ठोक्याला ती म्हणेल भास झाला. मी वाजवत राहिले.

आतलं वाचन तुटलं. मी दोर सोडला आणि पळाले, गेटकडे नाही, रांजणाकडे. मागून माणसं चर्चबाहेर येत होती. मी लोटा बुडवला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"वाजली. पी."

तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. "तू वाजवली."

"मंग?"

"देवानं नाई वाजवली."

"देव कधी वाजवते व? रोज तो म्हातारा ओढते. त्यानं ओढली तं देवाची, आन् मी ओढली तं काय बकरीची?"

लोक जवळ येत होते, कोणीतरी ओरडत होतं, आणि मी मनात म्हणत होते, वाद घाल पण लवकर घाल. मग तिने तोंड उघडलं. पहिला घोट बाहेर आला. दुसराही. तिसरा गेला.

तोवर मोठ्या सिस्टर येऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे घंटेवाला म्हातारा, रडत. माझ्या धाडसाची सगळी हवा त्या म्हाताऱ्याच्या रडण्याने गेली.

"घंटा कोणी वाजवली?" सिस्टरांनी विचारलं. त्यांचं मराठी पुस्तकातलं होतं, प्रत्येक अक्षर धुऊन वाळवलेलं.

"लंगूर होता, सिस्टर," मी म्हणाले. "दोराला लोंबकळला. मी त्याले हाकलाले गेलतो."

सिस्टरांनी माझ्या ओठाकडे पाहिलं, जिथे दोराचा फटका बसला होता. मग मैत्रिणीकडे पाहिलं. खाली बसल्या, तिच्या हाताला हात लावला आणि तिला उचलून आपल्या घरात नेलं. जाताना मला म्हणाल्या, "उद्या वडिलांना घेऊन ये."

घरी मी शाळेत बोलावल्याचं तेवढं सांगितलं. कशासाठी ते सांगता येईना. मायने दोन धपाटे घातले. जिच्या जिवासाठी मी गप्प होते तीच मारत होती, आणि तेही मला सांगता येत नव्हतं.

शनिवारी बाबा टोपी हातात घेऊन ऑफिसात बसले. माझी पोरगी इंग्रजीतल्या पाट्या वाचते हे बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बियाण्याच्या आधी सांगत. सिस्टर म्हणाल्या की आमच्या सर्वांत पवित्र दिवशी भर प्रार्थनेत हे झालं आहे, लोक दुखावले आहेत, हिला शाळेत ठेवू नये असं काहींचं म्हणणं आहे. मग माझ्याकडे वळल्या. "कारण सांगितलंस तर मी त्यांच्याशी बोलू शकेन. तुझी मैत्रीणही काही सांगत नाही."

मी फरशीकडे पाहत राहिले. आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या तोंडात होती, एका शब्दाची भर न घालता सांगण्यासारखी, आणि मला दात मिटून बसायचं होतं.

बाबांनी टोपी फिरवली. "सिस्टर," ते म्हणाले, "हे पोरगी खोटं बोलते तवा लय बोलते. काल रातपासून चूप हाय. म्हणजे काहीतरी खरं असन."

सिस्टर हसल्या नाहीत. बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्या मुलीला काल किती वेळ पाणी नव्हतं, तेवढं मला कळलं आहे," त्या म्हणाल्या. "तिला आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, तेही कळलं आहे. तू त्या आजोबांची माफी माग. शाळेचं मी बघते."

मी माफी मागितली. म्हातारा मला म्हणाला, गाठ सोडायला दात कशाला लावले, दोर खराब झाला.

मैत्रीण आठवडाभराने शाळेत आली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी बोललो नाही. मला वाटलं सौदा पटला. बदलीचं नाव कोणी काढत नव्हतं, आणि मी मनातल्या मनात दोन्ही देवांच्या पाठीवर थाप मारत होते.

मे महिन्यात ऑर्डर आली.

सामान ट्रकमध्ये चढलं त्या सकाळी मी बाबांच्या सायकलवर डेपोच्या क्वार्टरपर्यंत गेले. तिची आई भांडी बांधत होती. मैत्रीण ट्रकच्या सावलीत उभी होती, डोक्याला चापून तेल लावलेलं, प्रवासाचा फ्रॉक.

"घंटा लवकर वाजली न," ती म्हणाली. "म्हणून झालं."

"तू मेली असती."

"हो," तिने मान डोलावली. तिला ते मान्य होतं. "पण बाबाची बदली थांबली असती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी कोणाला ऐकत नसे. ती हिशेबाने बोलत होती आणि तिच्या हिशेबात चूक कुठे आहे ते मला दाखवता येईना. अजूनही येत नाही. तिचा देव तसा नाही, हे मी सांगायला हवं होतं. पण तिचा देव कसा आहे हे तिलाच सांगणारी मी कोण? आणि थाप मारायची तर त्या दिवशी मला एकही सुचली नाही.

"मी पुन्हा बी वाजवली असती," मी म्हणाले.

"मले माहीत हाय," ती म्हणाली, आणि आईने हाक मारली तशी ट्रकवर चढली.