स्टेपलची जास्तीची भोकं

बारावीनंतरचं एक वर्ष मी बाबांच्या वर्कशॉपमध्ये टायपिंग केलं. वर्कशॉप ओमानमध्ये गाला इथे होतं, आम्ही राहायचो जवळच सीबला. बाबा मूळचे कोकणातले, पण हात तयार झाला तो पुण्याकडच्या बंदुकांच्या एका कारखान्यात. त्यांचं काम उत्तम आणि इंग्रजी बेताचं. माझं नेमकं उलट. शाळा इंग्रजी, मैत्रिणींशी बोलणंही इंग्रजीत, त्यामुळे मराठी बोलताना माझे शब्द मध्येच संपायचे. लोक हसतील म्हणून मी गप्प बसायचे आणि बघत राहायचे.

त्या वर्षी नेमबाजीच्या एका क्लबचं काम आलं. त्यांच्याकडे पंचवीसेक रायफली होत्या. सगळ्या पॉइंट टू-टू बोअरच्या, सेमी-ऑटोमॅटिक. चाप ओढला की एक गोळी सुटायची आणि पुढची आपोआप जागेवर यायची. मूळचे ट्रिगर झिजले होते. त्यांच्या जागी बाहेरच्या कंपनीचा कुठला ट्रिगर घ्यायचा, ते बाबांनी तपासून लेखी द्यायचं होतं. त्यांची सही झाली की अर्बाब, म्हणजे वर्कशॉपचे मालक, ऑर्डर देणार आणि माल थेट क्लबकडे जाणार. बसवणार होते क्लबचेच लोक.

एका सहीचा प्रश्न होता, पण आमच्या घरात आईसुद्धा त्या सहीला घाबरत होती. आदल्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी पास केलेली एक रायफल नुसती जमिनीवर टेकवताना सुटली होती. गोळी पत्र्याच्या छपरातून गेली म्हणून माणूस वाचला. कागदावर ज्याची सही होती, तो फिटर आठवड्याभरात बायकोमुलांसकट भारतात परत गेला.

ट्रिगरचे नमुने आणायचे अंकल. ते वसईचे, शेजारच्या ट्रेडिंग कंपनीत सेल्समन. नाताळात त्यांच्या घरून आमच्याकडे डबा यायचा. तरी मला त्यांचा भरवसा वाटत नसे. ते फार हसायचे, आणि बोलताना समोरच्याच्या हाताकडे बघायचे.

बुधवारी दुपारी ते ट्रिगरची तीन पारदर्शक पाकिटं घेऊन आले. एकात चांदीसारखा चकचकीत ट्रिगर, एकात निळसर, एकात साधा काळा.

"घ्या उस्ताद, तीन नवऱ्या आणल्यात. पसंत करा."

"नवऱ्या नको, सासू दाखव," बाबा म्हणाले. "संसार सासूशी करायचा असतो."

अंकल मोठ्यांदा हसले. मग चांदीचं पाकीट त्यांनी हळूच सगळ्यात वर ठेवलं. मला ते दिसलं. त्या कंपनीचा माल ओमानमध्ये तेच विकत होते, हेही मला ठाऊक होतं. नोंदवहीत लिहून घेण्यासाठी मी तिन्ही पाकिटं हातात घेतली. प्रत्येकाच्या तोंडाशी पुठ्ठ्याची पट्टी आणि तिच्यात दोन स्टेपल होते.

गुरुवार-शुक्रवार सुट्टीचे. शनिवारी सकाळी पाकिटं टेबलावर होती. चांदीच्या पाकिटाला मी हात लावला आणि थांबले. स्टेपल दोनच होते, पण पट्टीला चार भोकं जास्तीची होती. कुणीतरी पाकीट उघडून पुन्हा बंद केलं होतं. आतल्या कार्डावर तेलाचा एक पुसट डाग होता.

माझी शाळेपासूनची सवय, खात्री झाल्याशिवाय हात वर करायचा नाही.

बाबांनी तिन्ही ट्रिगर एकेक करून रिकाम्या रायफलीत बसवले. त्यांची एक ठरलेली चाचणी होती. घोडा चढवून दस्ता जाड रबरावर आपटायचा. घोडा पडला, म्हणजे ट्रिगरने धरून ठेवलं नाही. निळसर तिसऱ्या धक्क्याला पडला. काळा पडला नाही, पण ओढायला जड होता. चांदीचा पन्नास धक्क्यांतही हलला नाही आणि ओढायला लोण्यासारखा. बाबांचा चेहरा उजळला.

"टाइप कर. हाच."

मी टाइप केलं. रिलायबल हा शब्द टाइप करून मी पुन्हा त्या पट्टीकडे पाहिलं. अंकल दिवसातून दोनदा डोकावून गेले. "झाली का सही? अर्बाब विचारतायत. यल्ला, चला उस्ताद!" एवढी घाई कशाला? माझ्या डोक्यात सगळं जुळत होतं. अंकलनी सुट्टीत नमुना नेऊन कुणाकडून तरी घासून आणला होता. क्लबला जाणारा माल वेगळा निघणार, आणि भारतात परत जायला लागणार आम्हाला.

संध्याकाळी गाडीत बसल्यावर मी कशीबशी म्हणाले, "बाबा, सही नका करू. अंकलनी पाकीट उघडलं होतं. चीटिंग आहे ते."

"कसं कळलं?"

मी भोकांचं सांगितलं, डागाचं सांगितलं. बाबांनी गाडी चालू केली आणि परत बंद केली.

"ते मीच उघडलं. गुरुवारी घरी नेलं होतं."

"का?"

"बघायला. धारेला केस होता जरासा, धातूची बारीक कणी, ती दगडावर काढली. घासलं असं काही नाही गं."

मला गुरुवारची दुपार आठवली. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र, आईच्या शिलाई मशीनचं तेल आणि बाबांचा तो करडा दगड. मी समोरच वाचत बसले होते आणि वर पाहिलंही नव्हतं, कारण त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. आमच्या घरातली कात्री, विळी, दाराची कडी, काहीच त्या दगडाच्या तावडीतून सुटलेलं नव्हतं. कुठलीही खरखरीत वस्तू बाबांच्या हातात तशीच राहूच शकत नसे. कारखान्यात त्यांना तेच शिकवलं होतं. फिटरच्या हातून भाग पुढे जाताना बरा होऊनच गेला पाहिजे.

"पण क्लबमधे तुम्ही नसणार ना," मी म्हणाले. "तिथे दगड कोण लावणार?"

बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग त्या हातांकडेच बघत म्हणाले, "शिंची सवय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंकलकडून चांदीची आणखी चार आणि काळी चार पाकिटं मागवली. "आता काय दहेज पण मोजणार काय?" अंकल म्हणाले, पण आणून दिली. सगळी पाकिटं बाबांनी माझ्या हातात दिली. "तू उघड. मी फक्त बसवणार. माझा हात दगडाकडे गेला तर ओरड."

मी ओरडले नाही, पण एकदा खाकरले. चांदीचा पहिला ट्रिगर काढताच त्यांचा अंगठा आपसूक धारेवरून फिरायला लागला होता. त्यांनी तो मुठीत घेतला.

चांदीचा दुसरा ट्रिगर चौथ्या धक्क्याला पडला. चौथा तर पहिल्याच धक्क्याला. तो खट् आवाज झाला तेव्हा अंकल दारातच उभे होते. ते हसले नाहीत. काळे चारही टिकले, जड होते तरी.

"माल जसा आला तसा मी दिला, उस्ताद," अंकल म्हणाले. "माझ्या मुलांची शपथ."

"माहीत आहे रे," बाबा म्हणाले. "चूक माझी."

अंकलनी माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरकडे. त्यांना काही कळलं होतं का, मला सांगता येणार नाही. मी मात्र एक अख्खा दिवस त्यांना मनातल्या मनात चोर ठरवून बसले होते आणि चोराच्या घरचा नाताळचा केक मला आवडत होता.

नवीन कागदावर काळा ट्रिगर लिहिला. बाबांनी सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"पाकिटं कुणी उघडली ते पण लिही. आणि खाली तुझी सही कर."

मी लिहिलं. एवढ्या मोठ्या कागदावर माझी ती पहिलीच सही. ती जरा तिरकी आली.

त्या नाताळात अंकलचा डबा आला. नेहमीसारखा सुतळीने बांधलेला. गाठ सोडण्याआधी मी ती दोनदा उलटून पाहिली, आणि आईने विचारलं, "काय बघतेस गं एवढं?"

"शिंची सवय," मी म्हणाले.