सहाव्या दुर्बिणीतला जंतू

सकाळी उठली की माझी माय चूल पेटवायच्या आधी उजवा पाय मोजायची. कमरेला खोचलेली एक सुताची दोरी होती, वीतभरापेक्षा थोडी लांब. ती घोट्याच्या वर गुंडाळायची, दोरीला पाडलेली गाठ आपल्या जागी येते का पाहायची, आणि आली की "हाये तेवढाच हाये" म्हणून कामाला लागायची. देवाला हात जोडावेत तितक्या नेमाने हे चालायचं. आम्ही दीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले, दोरी मात्र त्यानंतर आली.

झालं होतं असं. मायचं काम अकोल्याच्या एका जिनिंगात, रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस घालायचं. जिनातल्या बायांच्या लाइनीत, म्हणजे चाळीत, एकदा सरकारी पार्टी आली आणि सगळ्यांच्या बोटाचं रक्त काचेवर घेऊन गेली. हत्तीपायाचा जंतू रात्रीच रक्तात वर येतो म्हणून पार्टीही रात्रीच आली. पंधरा दिवसांनी एक माणूस कागद घेऊन आला आणि दारात उभं राहून त्यानं तीन नावं वाचली, त्यात मायचं होतं. दोन आठवडे गोळ्या झाल्या, गरगर झाली, ओकाऱ्या झाल्या. मग पार्टी जी गेली ती पुन्हा फिरकलीच नाही. पाय सुजणार की नाही, हे कोणीच सांगितलं नाही. रेच्यावर दिवसभर उभं राहावं लागतं आणि सुजल्या पायाची बाई मुकादम उभी करत नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेलेले. त्यामुळे त्या एका पायावर आम्ही दोघी उभ्या होतो.

त्याच वर्षी मी मॅट्रिक झाले आणि अमरावतीला कॉलेजात गेले. विषय विचारले तेव्हा मी सायन्स म्हणाले. त्यामागे काही मोठा विचार नव्हता. कोणीतरी सांगितलं होतं की सायन्सवाल्यांना बारीक वस्तू पाहायची दुर्बीण मिळते, आणि मायच्या रक्तात बसलेला तो मेला जंतू मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता. मला राग फार लवकर येतो, तेव्हाही यायचा. ज्याच्यावर रागवायचं त्याचं तोंड तरी दिसावं, एवढंच माझं म्हणणं.

कॉलेजात जंतू कुठला, कांदा मिळाला. कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवा आणि पाहा. माझ्या प्रत्येक स्लाइडवर कांद्याशेजारी एक लांबडा धागा पडलेला असायचा. शनिवारी मी घरी जायची, सोमवारी परत यायची, आणि माझ्या वेणीत, ओढणीत, ट्रंकेत, सगळीकडे जिनातली रुई असायची. कितीही झटका, जात नाही. डेमॉन्स्ट्रेटर एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या स्लाइडवर कांदा कमी आणि कापूस जास्त. ही घाण घरी ठेवून येत जा."

"सर, कांदा कॉलेजचा आहे, कापूस घरचा आहे," मी म्हणाले. "घाण कशाला म्हणता?"

वर्ग हसला, सर हसले नाहीत. त्या टर्मला मला प्रॅक्टिकलचे मार्क कमी पडले ते पडलेच. पण चार वर्षं दुर्बिणीखाली कापूस पाहून पाहून मला तो पाठ झाला. कापसाचा धागा गोल नसतो, चपटा असतो, आणि धुऊन पिळलेल्या पदरासारखे त्याला पीळ असतात. काचेला रंग देऊन झाल्यावर वर पडलेला असला तर त्याच्यासाठी दुर्बिणीचा स्क्रू वेगळा फिरवावा लागतो, आणि त्याला रंग चढलेला नसतो. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं, बोलणी खाऊन शिकले होते.

बी.एस्सी. झाले तेव्हा आमच्यासारख्यांची बरी चलती होती. पूर्वी सायन्स शिकला की मास्तर व्हायचा, दुसरी वाट नव्हती. आता औषधाच्या कंपन्या बॅग घेऊन डॉक्टरांकडे हिंडणारी पोरं मागत होत्या. सरकार मलेरिया आणि हत्तीपायाच्या मागे हात धुऊन लागलं होतं. एकट्या आमच्याच देशात नाही, आफ्रिकेत, तिकडे सिलोनात, सगळीकडे डास मारायचे आणि रक्त तपासायचं एवढंच चाललं होतं म्हणे, आणि तपासायला माणसं पुरत नव्हती. पेपरात जाहिरात आली: अकोल्याला सूक्ष्मदर्शक तपासनीस पाहिजेत, जागा दोन. मी मायला वाचून दाखवली.

"म्हंजे काय करा लागते?" तिनं विचारलं.

"लोकांचं रक्त पाहायचं. कोणाच्या रक्तात जंतू आहे, कोणाच्या नाही, ते सांगायचं."

तिनं कमरेची दोरी चाचपली. मग म्हणाली, "तं दारात उभं राहून नावं नको वाचत जाऊ बाई."

परीक्षेच्या सकाळी मायनं माझी वेणी घातली. नको म्हटलं तरी घातली. तिच्या हातांना रुई नाही असा दिवस मी पाहिलेला नव्हता, म्हणून मी निघताना तीन वेळा केस झटकले. सरकारी दवाखान्यामागच्या लांबट खोलीत आम्ही दहा जण होतो, मुलगी मी एकटी. माझ्या पुढे परतवाड्याचा एक पोरगा होता, भारी बोलका. तो औषध कंपनीचा इंटरव्ह्यू देऊन आला होता, तिथं नाही जमलं तर इथं, इथं नाही जमलं तर मामाचं किराणा दुकान, असं त्याचं सगळं ठरलेलं. "मॅडम, सहावी काच सोपी आहे," तो मला हळूच म्हणाला. "दरसाल तीच ठेवतात. हत्तीपायाचा जंतू लिहून मोकळं व्हायचं." त्याचा चुलतभाऊ आदल्या साली तेच लिहून लागला होता.

टेबलावर ओळीनं दहा दुर्बिणी. घंटी वाजली की बसायचं, पाहायचं, कागदावर लिहायचं. पुन्हा वाजली की पुढच्या स्टुलावर सरकायचं. पाच काचा ठीक गेल्या. चौथीत खरा हत्तीपायाचा जंतू होता. चार वर्षं ज्याची वाट पाहिली तो समोर आला तेव्हा, सांगायला लाज वाटते, पण मला तो सुंदर वाटला. गुळगुळीत वळणं आणि अंगात एका ओळीत भरलेले दाणे. त्याच्याकडे पाहता पाहता घंटी वाजली.

सहाव्या दुर्बिणीला डोळा लावला. तिथं जंतू नव्हता, कापूस होता. तोच चपटा धागा, तेच पीळ, आत दाणा एक नाही. चोराच्या मनात चांदणं; मला वाटलं, पडला माझ्याच वेणीतून, आता सगळ्यांदेखत पुन्हा तेच ऐकावं लागणार. कापूस लिहावं तर हात दाखवून अवलक्षण. जंतू लिहावं तर नोकरी हातात, परतवाडेवाल्यानं सांगितलंच होतं. मी घाईनं स्क्रू फिरवून पाहिलं. धागा वर तरंगत नव्हता, रक्ताच्याच थरात होता. आणि त्याला रंग चढला होता, निळसर. म्हणजे काचेला रंग देण्याच्या आधीपासून तो तिथं होता, रक्त ओलं असतानाच पडलेला. माझा नव्हताच तो.

जरा हायसं वाटलं, आणि मग एकदम सुचलं. जिथं हवेत रुई उडते तिथलं हे रक्त. म्हणजे जिनातल्या लाइनीतलं. कोणाच्या तरी रक्तातला कापूस इथल्याच पार्टीनं जंतू म्हणून धरला. एकदा धरला, तर आणखी किती वेळा धरला असेल? मायच्या नावापुढे त्यांनी काय पाहून लिहिलं होतं? माझा संताप झाला. मी मोठ्या अक्षरात 'कापूस' लिहिलं, आणि खाली रेघ ओढली.

दुपारी एकेकाला आत बोलावलं. टेबलामागे तिथले मुख्य डॉक्टर, पुण्याकडचे, इस्त्रीचा शर्ट, तोलून मापून बोलणारे. शेजारी परदेशातून आलेला एक सल्लागार साहेब, उन्हानं लाल झालेला, सारखा पाणी पिणारा.

"बाई, नऊ उत्तरं बरोबर आहेत," डॉक्टर म्हणाले. "सहाव्याला कापूस काय लिहिलंत? ती स्लाइड मी स्वतः चार वर्षं वापरतोय."

"चार वर्षं वापरली म्हणून कापसाचा जंतू होत नाही, सर."

तोंडातून गेलं ते गेलं. मग मी पीळ, दाणे, रंग, सगळं सांगितलं. डॉक्टर ऐकत होते आणि त्यांचा कान लाल होत होता. साहेबानं त्यांना काय चाललंय विचारलं, मग उठून बाहेर गेला आणि सहाव्या दुर्बिणीला डोळा लावून बसला. बराच वेळ बसला. परत आला तो हसतच होता. तो बोलला, आणि डॉक्टरांना बिचाऱ्यांना ते मला मराठीत सांगावं लागलं: "साहेब म्हणतात, मी देशोदेशी माणसं निवडत हिंडतो. जंतू सापडला म्हणणारे पाहिजे तितके मिळतात. नाही म्हणणारं माणूस मिळत नाही."

मला वाटलं, साहेब हसून विमानात बसेल, इथं मात्र मी डॉक्टरांचं नाक कापून बसले आहे. परतवाडेवाल्यानं बाहेर माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. महिनाभर काहीच आलं नाही. मायला मी सहाव्या काचेचं सगळं सांगितलं होतं, तर ती म्हणायची, "तुह्या जिभेले हाड नाई. आन् माह्या रक्तात जंतूच होता. गोळ्यायनं मेला तो." दोरी रोज निघतच होती.

मग पत्र आलं. दोन जागांपैकी एक माझी. दुसरी परतवाडेवाल्याला मिळाली; पुढे तो फार चांगला तपासनीस झाला आणि मला जन्मभर मॅडम म्हणत राहिला.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी समोर उभं केलं. "तुमचा मला राग आलेला आहे," ते म्हणाले. "तरीही मीच तुमचं नाव पहिलं लिहिलं. आता त्या कपाटातल्या जुन्या स्लाइडा सगळ्या काढा आणि पुन्हा तपासा." कपाटात मायची काच नव्हती. शिकवायला ठेवलेल्या काचा सोडून बाकीच्या धुऊन पुन्हा वापरत, ठेवत नसत. रजिस्टरात तेवढं मायचं नाव होतं, पुढे लाल शाईत 'जंतू आहे', झालं.

तेव्हा मी ठरवलं, आपणच पाहायचं. एका रात्री लाइनीत कंदिलाच्या उजेडात मायच्या बोटाला सुई टोचली. तिनं हूं की चूं केलं नाही, फक्त तोंड दुसरीकडे केलं. दुसऱ्या दिवशी काचेला रंग दिला. जिनाला सुटी होती म्हणून मायही धुतलेलं लुगडं नेसून दवाखान्यात आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टर तिथंच होते. मी काच या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग डॉक्टरांना दिली, त्यांनीही तेवढाच वेळ घेतला.

"काहीही नाही," ते म्हणाले. "स्वच्छ आहे. कडेला एक कापसाचा धागा आहे फक्त."

"पाहू मले," माय म्हणाली.

तिला स्टुलावर बसवलं, एक डोळा मिटायला शिकवलं. तिनं पाहिलं आणि लगेच म्हणाली, "हे तं रुई होय."

मी कपाटातून सहावी काच काढली, ती दुर्बिणीखाली लावली आणि काहीच न सांगता तिला पाहायला दिली. "हे बी रुईच होय," ती म्हणाली. "कोनं म्हनलं याले जंतू?" तिनं दुर्बिणीवरून डोळा काढला आणि सरळ डॉक्टरांकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "साहेब, चार वर्स झाले. मले एक डाव तरी काच दाखवाले पायजे होती. मी तवाच सांगतलं असतं."

डॉक्टर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातलेला तो माणूस माझ्या मायसमोर मान खाली घालून म्हणाला, "चुकलं आमचं, बाई." मी रजिस्टर उघडलं आणि नवीन ओळीत, तिच्या नावापुढे, माझ्या अक्षरात लिहिलं, 'जंतू नाही'. मला एवढं रडू आलं की शाई वाळेपर्यंत मी मान वर केली नाही.

जंतू होता आणि गोळ्यांनी मेला, की मुळात नव्हताच, यावर आम्ही पुढे कितीतरी वर्षं भांडलो. ती गोळ्यांचा पक्ष सोडायची नाही, मी कापसाचा. पण काच पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं उठून आधी चूल पेटवली. मग मला पुढ्यात बसवून वेणी घातली, कमरेची दोरी काढली, दातांनी तिची गाठ सोडवली, आणि माझ्या वेणीच्या टोकाला बांधून टाकली.