कापसाच्या खोलीतला अभ्यास

पोरांकडून शाळेनंतर बळजबरीनं अभ्यास करून घ्यावा का, यावर परवा एका लग्नात बायांचा वाद रंगला. मले विचारलं, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठली. काय सांगू? लाज वाटते.

माझी पोरगी पाचवीत होती, तेव्हा कापसाले भाव नव्हता. आज ना उद्या वाढंल म्हणून गावात कोणीच विकेना. बाहेर ठेवला तर भिजते, चोरीले जाते, म्हणून ज्यानं त्यानं घरातच भरला. आमच्या दोनच खोल्या. एकीत आढ्यापर्यंत कापूस, दुसरीत चूल, टीव्ही आन् गप्पा हाणायले येणाऱ्या शेजारणी. मग पोरीले अभ्यासाले बसवायचं कुठं? कापसाच्या खोलीत, दार ओढून! माझी मलेच मोठी हुशारी वाटली. मी आठवीतूनच शाळा सोडून वेचणीले गेलती. तिच्या कमरेले वेचणीची ओटी बांधायची वेळ येऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

दहा मिनिटं झाली की आतून आवाज यायचा, "आई, लय खाजून राह्यलं."

"अभ्यास म्हटला की बरं खाजते! खेळताना नाही खाजत?"

"बाहेर बसू दे ना वं."

"बाहेर बसून येणारे-जाणारे पाहाशील. हात वहीवर ठेव!"

एक दिवस तर पाठीत धपाटा घातला. त्यानंतर तिची तक्रार बंद झाली. मी मेली टीव्हीपुढं बसून शेजारणीले मिरवत होती, "पाहा, लागली की नाही सवय? हूं नाही की चूं नाही."

एका रविवारी तिचे केस धुवायले बसली, तेव्हा पाठ दिसली. लाल पुरळ, नखांचे ओरखडे, खपल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पहिलाच प्रश्न केला, "घरात कापूस भरलाय का?" साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, गावोगावची माणसं खाजवत येऊन राह्यली, असं तिनं सांगितलं. "पण हिलाच एवढं कसं? ही झोपते का तिथं?"

पोरगीच म्हणाली, "नाही, माझा अभ्यास तिथं असते."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मले. घरी येताना वरून तिलेच विचारलं, "सांगितलं काहून नाही मले?"

"सांगितलं ना," ती म्हणाली.

संध्याकाळी मी अंगणात सतरंजी टाकली. पाठीले मलम लावलं, दप्तर आणून दिलं. ती वही उघडून बसली. जराशानं विचारलं, "आई, इथं खाजवलं तर चालते?"

"खाजव बाई, खाजव," मी म्हटलं.

तिनं आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मी रागात तर नाही ना म्हणून. मगच हात पाठीकडं नेला.