लिंबाजीचे बिनहळदीचे आठ दिवस

दर तीन महिन्यांनी लिंबाजीच्या घरातला हळदीचा डबा आठ दिवसांसाठी माळ्यावर जातो. वरण पांढरं, भाजी पांढरी, पिठल्याचं तर नावच काढायचं नाही. तीस वर्षं रेल्वेत गँगमन म्हणून उन्हातान्हात रूळ सांभाळलेला हा माणूस, साहेबाच्या बापाला न भिणारा. पण कावीळ तपासायची तारीख जवळ आली की चुडावा गावात त्याच्यासमोर पिवळं लुगडं नेसून जायची कुणाची टाप नाही.

त्याचं असं झालं. किडन्या निकामी झाल्यापासून लिंबाजी दर सोमवारी आणि गुरुवारी रेल्वेने परभणीला जातो आणि डायलिसिसच्या मशीनला चार तास लागून पडतो. तिथं माणसाचं रक्त मशीनमधून फिरून परत अंगात येतं. एकाच्या रक्तातला विषाणू दुसऱ्याला लागू नये म्हणून सगळ्यांचं रक्त दर तीन महिन्यांनी तपासतात. ब कावीळ, क कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सी, आणि एचआयव्ही. कुणाच्या रक्तात काही निघालं तर त्याचं मशीन वेगळं, मागच्या खोलीत. झाली गोष्ट एवढीच. पण पहिल्या खेपेला मशीनवरच्या धम्मानंदने "काका, कावीळ तपासायचीय" म्हटलं आणि लिंबाजीने डोकं चालवलं. कावीळ पिवळी. पिवळं पोटात गेलंच नाही तर ती येईल कुठून? आठ दिवस पांढरं खाल्लं, रिपोर्ट चांगला आला. मग काय विचारता, लिंबाजी त्या हॉलातला अर्धा डॉक्टर झाला.

"काका, हा विषाणू रक्तातून येतो, वरणातून न्हाई," धम्मानंद सांगून सांगून थकला.

"तू अजून लहान हायेस," लिंबाजी म्हणायचा.

त्याच्या शेजारच्या पलंगावर पूर्णेचा माऊली असायचा. किराणा दुकानदार, तोंडाने फाटका, मनाने साफ. दोन वर्षं दोघांनी चार-चार तास एकमेकांची टर उडवत काढले. परभणीत उतरल्यावर अर्धा-अर्धा कप चहा, कारण किडन्यांपायी दोघांनाही पाणी मोजून. मग संक्रांतीनंतरच्या तपासणीत माऊलीला क कावीळ निघाली आणि त्याची रवानगी मागच्या खोलीत झाली.

"मी सांगत होतो, पिठलं खाऊ नको," लिंबाजीने हॉलभर जाहीर केलं.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण मागच्या खोलीचं दार त्याच्या पलंगापासून दहा पावलांवर, आणि ती दहा पावलं हा बहाद्दर आठ महिने चालला नाही. माऊली पूर्णेला गाडीत चढायचा तर हा पुढच्या डब्यात जाऊन बसायचा. आतून माऊलीने हाक मारली की हा डोळे मिटून घ्यायचा. पुढे माऊलीने हाका मारणं सोडून दिलं. लिंबाजीचं बघून बाकीचेही त्या दाराकडे फिरकेनात. खरं सांगायचं तर लिंबाजी भ्याला होता. त्या खोलीत गेलेल्या माणसाशी कुणी बोलत नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, तो रिवाज त्यानंच तर पाडला होता.

या खेपेला नेमके त्या आठ दिवसांतच जावई आले. लिंबाजीच्या बायकोने, पंचफुलाने, पुरण घातलं, भजी तळली. लिंबाजी पांढऱ्या भाताची ताटली घेऊन कोपऱ्यात बसला.

"जावई विचारायलेत, मामा रुसले का म्हणून," पंचफुला म्हणाली.

"त्यांना सांग, माझी परीक्षा हाय."

आणि त्या परीक्षेत लिंबाजी नापास झाला. एरवी धम्मानंद लांबूनच "काका, सगळं ठीक" म्हणायचा. त्या दिवशी तो स्टूल घेऊन जवळ बसला.

"काका, क कावीळ निघाली."

"अरे पण मी हळदीचा कण खाल्ला न्हाई. पुरण सोडलं, जावयापुढं येडा ठरलो."

"हळदीचा काय संबंध काका? कुठून आला ते आता सांगता येत न्हाई. पण गोळ्या हायेत, तीन महिने घ्यायच्या. माऊलीकाकांचं रक्त साफ झालं की. पुन्हा पुन्हा तपासून खात्री झाल्यावर मागच्याच आठवड्यात त्यांना परत हॉलात घेतलं, मंगळवार-शुक्रवारची पाळी दिली."

घरी येऊन लिंबाजीने बायकोला सांगितलं. पंचफुलाने सगळं ऐकून घेतलं, हळदीचा डबा खाली काढला आणि चांगलं पिवळंधमक पिठलं केलं. लिंबाजीने घास हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

"गोळ्यांची फिकीर न्हाई गं. पण आता माझ्याशी बोलंल कोण?"

पंचफुला तवा उतरवत म्हणाली, "मामंजींना गावात शिवायला नको म्हणून वरून पाणी ओतायचे. ते सांगताना तुमचे डोळे अजून भरतात. मंग माऊलीला तुमी आठ महिने काय केलं?"

लिंबाजीने हातातला घास ताटलीत ठेवला. त्याची त्यालाच लय लाज वाटली.

गुरुवारी त्याला मागच्या खोलीत नेलं. एक पलंग, एक मशीन, भिंतीवर घड्याळ. धम्मानंदने सुया लावल्या, मशीन सुरू केलं आणि तो हॉलात कुणाची तरी पट्टी करायला गेला. तिकडून हसण्याचा आवाज आला. लिंबाजीने घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं झाली होती.

तेवढ्यात दारातून कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची फरफटत आणली. बघतो तर माऊली.

"तुझी पाळी तर मंगळवारी झाली," लिंबाजी म्हणाला.

"झाली की."

"मंग आज परभणीत काय काम काढलंस?"

"काई न्हाई."

"माऊली, मी चुकलो रे."

"चुकलासच," माऊली म्हणाला. "म्या तुला लय शिव्या दिल्या, या इथंच पडून. मंगळवारी धम्मानंदकडून तुझं कळलं, तवा येणार बी नव्हतो. पण इथं एकट्याला चार तास जाता जात न्हाईत, ते मला ठाऊक हाय."

असं म्हणून त्याने खुर्ची पलंगाला भिडवली आणि पूर्णेच्या बाजारात काल कोण कुणाशी भांडलं ते सांगायला सुरुवात केली.